नावेंत पाणी शिरतें कोठून?

थेंबें थेंबें तळें सांचे ही म्हण मुलांना काटकसर शिकवितांना आपल्या घरोघरीं सांगितली जाते. परंतु ज्याला पाण्यावर राहावयाचें आहे त्याच्या दृष्टीनें हीच म्हण भयसूचक ठरते. नावेच्या तळाशीं एखाद्या सांध्यांतून सेकंदाला एक थेंब या गतीनें पाणी झिरपत असेल, तर दिवसाकाठीं तेथें सुमारें ४ लिटर पाणी जमतें. एवढ्यानें नाव बुडत नाहीं हें खरें. पण ज्या फटींतून आज थेंब येतो, तीच फट वाऱ्याच्या दिवशीं, नाव एका अंगावर कलून लाटांशीं झगडूं लागली म्हणजे उघडते. आणि मग थेंबाची धार व धारेचा लोट होण्यास वेळ लागत नाहीं.

शिडाच्या नौकेंतून दूरवर जाण्याची हौस आपल्याकडे आतां पूर्वींइतकी दुर्मिळ राहिलेली नाहीं. मुंबईंत व गोव्यांत तरुण मुलें आणि मुली लहान शिडाच्या होड्या चालविण्यास शिकतात. गोव्यांत बांधलेल्या ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेंतून भारतीय नौदलाच्या सहा स्त्री-अधिकाऱ्यांनीं २०१७-१८ सालीं पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि त्याच नौकेंतून २०२४-२५ सालीं दोघीच अधिकारी पुनः पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या. अशा दिवसांत नाव हांकणें जितकें शिकावें, तितकेंच ती कोरडी राखणेंहि शिकलें पाहिजे. शिवाय हा विषय केवळ दर्यावर्दी लोकांचाच आहे असेंहि नाहीं. ज्या घराचें छप्पर श्रावणांत एकदां तरी गळलें असेल, त्या घरांतील प्रत्येकाला यांतील मर्म तत्काळ उमगेल. तें मर्म असें, कीं पाणी जेथें दिसतें तेथेंच तें शिरतें असें नाहीं. आणि आलेलें पाणी उपसून टाकणें म्हणजे गळती थांबविणें नव्हे.

मुंबईची ‘सुहैली’

या दोन्ही गोष्टींचें उत्तम उदाहरण मुंबईंतच बांधलेल्या एका लहानशा नौकेनें घालून दिलें आहे. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवर अधिकारी असलेल्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज तरुणानें स्वतःसाठीं एक शिडाची नौका मुंबईच्या कारागिरांकडून बांधवून घेतली. १९६४ च्या अखेरीस ती पाण्यांत उतरली. तिची लांबी अवघी ३२ फुटांच्या आसपास, डोलकाठ्या दोन आणि लांकूड अस्सल सागवान. इराणच्या आखातांत आग्नेयेकडून वाहणाऱ्या वाऱ्याला अरब खलाशी ज्या नांवानें ओळखतात, तें ‘सुहैली’ हें नांव तिला देण्यांत आलें. मुंबईच्या सागवानी कामाची कीर्ति त्यापूर्वीं दीडशें वर्षांपासूनची आहे. वाडिया घराण्यांतील कारागिरांनीं १८१७ सालीं येथें बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडमध्यें हार्टलपूल येथें आजहि पाण्यावर तरंगत ठेविलेली आहे, यावरून त्या लांकडाच्या टिकाऊपणाची कल्पना यावी.

१९६८ सालीं एकट्यानें, वाटेंत कोठेंहि न थांबतां, पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची स्पर्धा इंग्लंडांत जाहीर झाली. नॉक्स-जॉन्स्टन यांनीं १४ जून १९६८ रोजीं फॉलमथ बंदरांतून ‘सुहैली’ हांकारली. अटलांटिक महासागरांत केप व्हर्दे बेटांच्या दक्षिणेस पोंचेपर्यंत नौकेच्या तळांत इतकें पाणी येऊं लागलें, कीं दिवसांतून दोनदां पंप चालवून तें काढावें लागे. पंप उत्तम चालत होता. मनांत आणतें तर पाणी उपसत उपसत आणखी कांहीं दिवस सहज ढकलतां आले असते. पण पुढें दक्षिण महासागर होता. तेथील लाटांच्या माऱ्यांत ही गळती वाढली, तर उपसणारा माणूस एकच आणि झोंप घेणाराहि तोच! म्हणून वारा पडल्याचा दिवस साधून ते स्वतः पाण्यांत उतरले व नौकेच्या पोटाखालीं जाऊन त्यांनीं पाहणी केली.

नौकेचा कणा म्हणजे तळाचा मुख्य वासा, आणि त्याला लागून असणारी अगदीं खालची फळी, या दोहोंमधील सांधा सुमारें ८ फूट लांबीपर्यंत सुटलेला होता. नौका डोलली कीं ती फट उघडे, पुनः डोलली कीं मिटे. दुसऱ्या बाजूसहि तोच प्रकार. लांकूड कुजलेलें नव्हतें. सांध्यांतला कापूस तेवढा जागा सोडून गेला होता.

फळ्यांच्या सांध्यांत पिळदार कापूस ठासणें हा यावरील जगभरचा जुना उपाय. परंतु तो नाव जमिनीवर ओढून करावयाचा असतो. येथें पाण्याखालीं पांच फुटांवर, श्वास कोंडून, एका हातांत हातोडी व दुसऱ्या हातांत पेचकस घेऊन तो करण्याचा प्रयत्न झाला. श्वास घेण्यासाठीं वर जाऊन यावें तों ठासलेला कापूस बाहेर आलेला असे. सुमारें अर्धा तास असा वायां गेल्यावर नॉक्स-जॉन्स्टन वर आले आणि त्यांनीं पद्धतच बदलली. शिडाच्या जाड कापडाची दीड इंच रुंदीची लांब पट्टी कापून तिच्यावर त्यांनीं कापसाची वात शिवून टाकली, तिला डांबर फासलें, आणि पट्टींत ठराविक अंतरावर तांब्याच्या चुका आधींच टोंचून ठेविल्या. आतां पाण्याखालीं करावयाचें काम एवढेंच उरलें, कीं वात फटीवर येईल अशी पट्टी धरावयाची आणि एका दमांत एकेक चूक ठोकावयाची.

मध्यंतरीं कॉफी घेण्यास ते वर आले असतां नौकेभोंवतीं एक शार्क घिरट्या घालतांना दिसला. तो निघून जाईल म्हणून त्यांनीं वाट पाहिली. तो जाईना, तेव्हां बंदुकीनें त्याला मारावें लागलें. मग पुनः खालीं उतरून त्यांनीं पट्टी पुरी ठोकली आणि ती लाटांनीं उपटली जाऊं नये म्हणून तिच्यावर तांब्याचा पत्राहि बसविला. पुढें वारा पुनः पडला तेव्हां दुसऱ्या बाजूचेंहि काम झालें. ती दुरुस्ती टिकली. २२ एप्रिल १९६९ रोजीं, ३१२ दिवसांनीं, ‘सुहैली’ फॉलमथला परतली. स्पर्धेंत निघालेल्या नऊ जणांपैकीं प्रदक्षिणा पूर्ण करणारे ते एकटेच.

पाण्याचा जोर कोणत्या बाजूनें

या हकीगतींतील एक बारकावा लक्षांत घेण्यासारखा आहे. ती पट्टी नावेच्या आंतून लाविलेली नव्हती, बाहेरून लाविलेली होती. आंतून बुजविलेल्या फटीवर बाहेरचें पाणी सतत दाब देतें आणि तें बुजवण ढकलून बाहेर काढूं पाहतें. उलट बाहेरून लाविलेल्या ठिगळाला तोच दाब जागच्या जागीं दाबून धरतो. पाणी शत्रु असलें तरी योग्य बाजूनें गांठलें म्हणजे तेंच मदतनीस होतें. म्हणून कायमची दुरुस्ती, शक्य असेल तेथवर, ज्या बाजूनें पाणी येतें त्याच बाजूनें करावी.

पाण्याच्या जोराचा हिशेबहि मनाशीं असावा. नावेच्या तळाला, पाण्याच्या पातळीखालीं अर्ध्या मीटरवर, सुमारें एक इंच व्यासाचें भोंक पडलें, तर मिनिटाला जवळजवळ ५५ लिटर पाणी आंत येतें. म्हणजे आपल्या घरांतील १० लिटरची बादली मिनिटांत पांचसहा वेळां भरावी आणि समुद्रांत रिकामी करावी, तेव्हां कोठें पाणी जेथल्या तेथें राहील. भोंकाचा व्यास दुप्पट झाला तर पाणी चौपट येतें. खोली मात्र चौपट झाली तरच वेग दुप्पट होतो. तात्पर्य, भोंक किती खोल आहे यापेक्षां तें किती मोठें आहे याला अधिक महत्त्व. भोंक पूर्ण बुजवितां आलें नाहीं, पण चिंधी, उशी, कपडा जें हातीं लागेल तें कोंबून अर्धें जरी झांकतां आलें, तरी उपसणाऱ्याचे श्रम निम्मे होतात.

आधीं पाण्याची जात ओळखावी

नावेच्या तळांत पाणी दिसलें म्हणजे नवखा माणूस घाबरून प्रथम पंपाकडे धांवतो. जाणता माणूस प्रथम बोट बुडवून जिभेच्या टोंकाला लावितो. पाणी खारें कीं गोडें? या एका प्रश्नानें अर्धा शोध संपतो. खारें असेल तर तें समुद्राचें. म्हणजे तळाच्या सांध्यांतून, नळांच्या तोट्यांतून, पंख्याच्या दांड्याजवळून किंवा सुकाणूच्या भोंकांतून आलें असावें. गोडें असेल तर तें एकतर आभाळांतून आलें, नाहींतर नावेंतल्याच पिण्याच्या टांकींतून. टांकीचें पाणी नेहमींपेक्षां लवकर संपत असेल तर दोष टांकींत किंवा तिच्या नळींत आहे हें उघड. थंड रात्रीं बंद खोलींत झोपणाऱ्यांच्या श्वासाची वाफ गार भिंतींवर जमून खालीं ओघळते. तिलाहि कित्येक जण गळती समजतात. तिच्यावर उपाय डांबर नव्हे, तर वाऱ्याला वाट करून देणें हा होय.

या परीक्षेंत एक मेख आहे. तळाशीं जुनें मीठ सांचलेलें असलें, तर पावसाचें गोडें पाणीहि तेथें येऊन खारट लागतें. म्हणून परीक्षेपूर्वीं तळ एकदां गोड्या पाण्यानें धुवून फडक्यानें पुसून घ्यावा. पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर चव घेण्याचा मोह टाळावा. थोडें पाणी ताटलींत घेऊन तें वाळूं द्यावें. मागें पांढरा थर राहिला तर तें समुद्राचें.

आणखी एका चोराची ओळख करून घेतली पाहिजे. शाळेंत मुलें बकनळीचा प्रयोग करतात. एकदां नळी पाण्यानें भरली कीं पाणी चढ चढून पलीकडे उतरतें आणि आपोआप वाहत राहतें. नावेंतील मोरीची किंवा शौचकूपाची नळी पाण्याच्या पातळीखालीं उघडत असेल, आणि नाव वाऱ्यानें कलली असतां आंतील भांडें त्या पातळीच्या खालीं जात असेल, तर समुद्र त्याच नळींतून बकनळीसारखा आंत येतो. कोठेंहि फट नाहीं, भोंक नाहीं, आणि तरीहि नाव भरते! अशा नळीला पातळीच्या बरीच वर कमान देऊन तिच्या माथ्यावर हवा घेणारी झडप बसवितात, आणि वापर नसतांना तोटी बंद ठेवितात.

शोधाची रीत

जात कळली कीं मग स्थान शोधावयाचें. त्याची पहिली अट, तळ अगदीं कोरडा करणें. ओल्या जागेंत नवें पाणी कोठून आलें हें ब्रह्मदेवालाहि सांगतां येणार नाहीं. पाणी उपसून, पुसून, वारा देऊन जागा कोरडी झाली कीं संशयित सांध्यांच्या खालीं खडूची पूड भुरभुरावी किंवा टिपकागदाच्या पट्ट्या ठेवाव्या. पाणी पुढें कोठेंहि जाऊन साचो, त्याची वाट त्या पुडींत उमटते. नावेच्या आंतील फासळ्यांवरून, लांकडी अस्तराच्या मागून, विजेच्या तारांच्या अंगावरून पाणी कित्येक फूट लपत जातें आणि भलत्याच ठिकाणीं टपकतें. नाळेकडील छिद्रांतून शिरलेलें पाणी मागच्या बाजूस सांपडावें यांत नवल नाहीं, कारण बहुतेक नावांचा तळ मधोमध किंवा मागें अधिक खोल असतो. म्हणून डागापासून उताराच्या उलट, वर वर, पुडींतील माग धरून जावें.

दुसरी अट म्हणजे वेळ टिपून ठेवणें. गळती सदासर्वकाळ असते, कीं केवळ पावसांत? नांगरावर उभी असतांना तळ कोरडा राहून शिडावर चालतांनाच ओला होतो काय? डावीकडे कललेली असतांना पाणी येतें आणि उजवीकडे कललेली असतां थांबतें, असें आहे काय? सदैव येणारें पाणी तळाचें. इंजिन चालवितांनाच येणारें पाणी बहुधा पंख्याच्या दांड्याजवळचें. शिडावर असतांनाच येणारें पाणी, डोलकाठीला ताणून धरणारे तारेचे दोर ज्या धातूच्या पट्ट्यांना बांधलेले असतात तेथून, किंवा ताण पडून उघडणाऱ्या तळाच्या सांध्यांतून येत असण्याचा संभव अधिक. पंपाचे रोज किती हात मारावे लागले याची वहींत नोंद ठेविली, तर गळती वाढते आहे कीं स्थिर आहे हें अंदाजानें नव्हे, आंकड्यांनीं कळतें. वैद्य जसा ज्वराचा तक्ता पाहतो तसाच हा तक्ता.

वरून येणारें पाणी शोधण्यास दोन माणसें लागतात. घरांतील मुलें या कामास फार उपयोगी पडतात. एकानें विजेची बत्ती घेऊन आंत बसावें, दुसऱ्यानें बाहेरून रबरी नळीनें पाणी सोडावें. पाणी नेहमीं खालून वर सोडीत जावें. प्रथम सर्वांत खालचा सांधा, कांहीं मिनिटें थांबून त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा. एकदम माथ्यावर पाणी ओतलें तर तें ओघळतांना सगळ्याच सांध्यांवरून जातें, आणि कोणता सांधा अपराधी हें कळत नाहीं. धीर नसलेल्या माणसाची सगळी दुपार येथेंच फुकट जाते. याहून सूक्ष्म रीत म्हणजे खिडक्या-दारें बंद करून आंत हवा फुंकणारें यंत्र लावावें, आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचें पाणी फासावें. जेथें फेंस फुगेल तेथें छिद्र.

वरच्या पाण्याचा उपद्रव

वरून येणाऱ्या पाण्यानें नाव बुडत नाहीं म्हणून पुष्कळ जण त्याकडे दुर्लक्ष करतात. पण ‘सुहैली’चीच पुढील कथा पाहावी. तळाची गळती थांबली. पण सप्टेंबर १९६८ मध्यें दक्षिण महासागरांतील एका प्रचंड लाटेनें नौका आडवी पाडली, आणि वरच्या खोलीचा डेकशीं असलेला जोड चिरला. ती खोली लाटेबरोबर वाहून गेली असती तर नौकेला वरून मोठें खिंडार पडलें असतें. नॉक्स-जॉन्स्टन यांना ती आंतून बोल्टांनीं जखडावी लागली. त्याच सुमारास पिण्याच्या पाण्याच्या टांक्याहि नासल्या, व पुढील प्रवासांत त्यांना पावसाचें पाणी शिडावरून धरून दिवस काढावे लागले.

शांत पाण्यांतील लहान नावेला असे प्रसंग येत नाहींत. तिचा नाश हळूहळू होतो. हल्लींच्या बहुतेक नावा कांचेच्या तंतूंच्या, म्हणजे आपण ज्याला फायबर म्हणतों त्याच्या, असतात. फायबर कुजत नाहीं हें खरें. पण वजन हलकें राखण्यासाठीं डेकच्या दोन थरांमध्यें पुष्कळदां हलकें लांकूड भरलेलें असतें. डेकवरील कठडा, दोर बांधण्याचे खुंटे, खिडकीची चौकट यांच्या स्क्रूंच्या भोंकांतून पाण्याचा एकेक थेंब त्या लांकडांत जातो आणि वरून तुकतुकीत दिसणारा डेक आंतून भुसा होतो. बाजारांत मडकें घेतांना आपण तें वाजवून पाहतों. तसाच पेचकसाच्या लांकडी मुठीनें डेक ठिकठिकाणीं वाजवून पाहावा. जेथें टणक आवाज येतो तेथें तो निरोगी; जेथें बद्द आवाज येतो तेथें पाणी शिरलेलें आहे.

दुरुस्ती कशी करावी

स्थान सांपडलें म्हणजे बाहेरून थोडें मेण-लांबी थापून मोकळें व्हावें असें वाटतें. ती मलमपट्टी दोन महिने टिकते आणि पाण्याला नवी लपण्याची जागा करून देते. डेकवरील खुंटा गळत असेल तर तो पूर्ण काढावा. जुना चिकटा खरवडून टाकावा, भोंक किंचित् मोठें करून आंतील ओलें लांकूड कोरून काढावें व जागा वाळूं द्यावी. मग ती पोकळी इपॉक्सीच्या लगद्यानें भरून, तो घट्ट झाल्यावर त्यांतच नवें भोंक पाडावें. भोंकाच्या तोंडाला थोडी उतरती कड द्यावी, म्हणजे सांधा बुजविणारा लवचिक लेप तेथें अंगठीसारखा बसतो. खुंटा पुनः बसवितांना बोल्ट आवळून सगळा लेप बाहेर पिळून टाकूं नये. लेपच निघून गेल्यावर अडविणार कोण?

पाण्याखालच्या तोट्या साध्या पितळेच्या नसाव्या. खारें पाणी पितळेंतील जस्त हळूहळू खाऊन टाकतें. मागें राहतें तें गुलाबीसर, ठिसूळ तांबें, आणि एके दिवशीं तोटी फिरवितांना ती हातांतच येते. तेथें कांसेंच पाहिजे. तोटीवर चढविलेल्या रबरी नळीला एकाऐवजीं दोन पट्ट्या आवळाव्या आणि दर मोसमांत त्या हात लावून तपासाव्या.

पंख्याचा दांडा नावेंतून बाहेर जातो तेथें चरबी लाविलेली सुताची दोरी भरलेली असते. दांडा फिरत असतांना तेथून मिनिटाला थोडे थेंब येणें हें रचनेंतच धरलेलें आहे. त्या पाण्यानें तो थंड राहतो. ते थेंब पाहून अधीरपणें नट आवळीत गेल्यास दांडा तापतो व झिजतो, आणि मग खरी गळती सुरू होते. सर्वच पाझर रोगाचे नसतात, हें येथें ध्यानांत ठेवावें.

लांकडी नावेचा स्वभाव निराळाच. कोंकणांत पावसाळ्याच्या तोंडाशीं होड्या किनाऱ्यावर ओढून झांपांनीं शाकारून ठेवितात. महिनोन्महिने कोरडी राहिलेली फळी आंखडते आणि सांधे उघडतात. अशी नाव पाण्यांत लोटली कीं पहिल्या दिवशीं ती चाळणीसारखी गळते. पण लांकूड पाणी पिऊन फुगलें म्हणजे दोन-तीन दिवसांत बहुतेक सांधे आपोआप मिटतात. हें न कळून कोरड्या नावेच्या सांध्यांत कापूस खच्चून ठोकला, तर फुगणाऱ्या फळ्यांना जागा उरत नाहीं. त्या आंतील फासळ्यांवरचे खिळे उपटतात, क्वचित् फासळ्याहि मोडतात. म्हणून जुना कापूस काढून, सांधा साफ करून, नवी वात हलक्या हातानें, सारख्या जोरानें बसवावी. तिच्यावर रंगाचा हात द्यावा आणि वरून मऊ राहणारी लांबी भरावी. कोरड्या सांध्यांत लांकडाला फुगण्यापुरती जागा ठेवणें हेंच या कलेंतील कसब.

आणीबाणीच्या प्रसंगीं

सर्व काळजी घेऊनहि प्रसंग येतो. प्रत्येक तोटीजवळ तिच्या मापाची मऊ लांकडाची निमुळती खुंटी दोरीनें बांधून ठेवावी. तोटी तुटली तर अंधारांत शोधाशोध न करतां ती भोंकांत ठोकतां येते. भोंक मोठें व वेडेंवाकडें असेल तर शीड बाहेरून तळाखालीं ओढून घ्यावें. १७७० च्या जून महिन्यांत कॅप्टन कुक यांचें ‘एन्डेव्हर’ जहाज ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडील प्रवाळ-खडकांवर आदळलें, तेव्हां त्यांच्या लोकांनीं हेंच केलें. एका जुन्या शिडावर दोरांचा भुगा व लोंकर पसरून, त्यावर शेण वगैरे टाकून, तें जहाजाखालीं भोंकापर्यंत ओढण्यांत आलें; पाण्याच्या ओढीनेंच तें भोंकांत शोषलें गेलें आणि जहाज किनाऱ्यापर्यंत पोंचलें. पुढें तें किनाऱ्याला लावून पाहिलें, तर प्रवाळाचा एक मोठा तुकडाच भोंकांत अडकून राहिलेला आढळला.

प्रत्येक वेळीं दैव इतकें अनुकूल नसतें. २०२२ सालच्या गोल्डन ग्लोब शर्यतींत, ज्या शर्यतींत आपले अभिलाष टॉमी दुसरे आले त्याच शर्यतींत, फिनलंडचे तापिओ लेह्तिनेन १८ नोव्हेंबर रोजीं हिंदी महासागरांत संकटांत सांपडले. त्यांची ‘अ‍ॅस्टेरिया’ मागच्या भागांतून भरत होती आणि भोंक शोधण्यास अवधिच नव्हता. कांहीं मिनिटांत ते रक्षक-तराफ्यावर उतरले आणि नौका बुडाली. त्याच शर्यतींतील दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन न्यॉयशेफर या महिलेनें आपली वाट वळवून दुसऱ्या दिवशीं त्यांना शोधून काढलें, आणि मग जवळून जाणाऱ्या मालवाहू जहाजानें त्यांना घेतलें. तराफा, जीवरक्षक पोशाख व संदेशयंत्र हातापाशीं तयार होतीं, म्हणून तो प्रसंग जिवावरचा असूनहि निभावला. ज्यांच्या घरचीं मुलें समुद्रावर जातात त्यांनीं नावेच्या रंगापूर्वीं या तीन वस्तूंची चौकशी करावी.

गळती शोधण्यास मोठी विद्या लागत नाहीं. लागतो तो चिकाटीनें पाहण्याचा अभ्यास. पाण्याला कोठें जावयाचें असतें तें ठाऊक असतें. आलें कोठून एवढेंच तें सांगत नाहीं, आणि तें शोधणें आपलें काम. नावेचा तळ पुसून कोरडा करावा, खडूची पूड पसरावी, तारीख घालून वही उघडावी, आणि तीन दिवस रोज एकाच वेळीं जाऊन पाहावें. पहिल्या दिवशीं कांहीं दिसलें नाहीं तर वहींत तसेंच लिहावें. तीन दिवसांत बहुधा एका जागीं पूड ओली सांपडेल. त्या जागेपासून वर वर जात जात खरी फट हातीं लागते. ती बुजविल्यावरहि पंप तपासण्यास व वही चालू ठेवण्यास विसरूं नये.